सेवा तिची, निर्णय कोणाचा?

बारा मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. १८२० साली याच दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म झाला. आपल्या शहरांतील रुग्णालयांतही त्या दिवशी दिवे लावले जातात, सेवेची शपथ पुन्हा एकदा उच्चारली जाते आणि व्यासपीठावरून पाहुणे मंडळी परिचारिकांना 'करुणेच्या देवता' म्हणून गौरवतात. या गौरवात खोटे काही नाही. परंतु त्यात एक सोय मात्र दडलेली आहे. ज्याला आपण देव्हाऱ्यात बसवतो, त्याच्या पगाराची, पाळीची आणि मताची चौकशी करण्याचे बंधन आपल्यावर राहत नाही. कोकणात गावकरी एखादे मोठे काम काढण्यापूर्वी निदान देवाला कौल तरी लावतात. रुग्णालयातील या देवतेला तेवढाही कौल कोणी लावीत नाही.

पगाराचा आणि पाळ्यांचा प्रश्न मोठाच आहे. पण आज आम्हांला लिहावयाचे आहे ते मताविषयी. ज्या रोग्याच्या बरे होण्याची आशा संपली आहे, ज्याचा श्वास केवळ यंत्राच्या आधारे चालला आहे, त्याच्यावरील उपचार कोठवर चालवावयाचे आणि कोठे थांबवावयाचे, हा आधुनिक वैद्यकाने निर्माण केलेला अत्यंत कठीण नैतिक पेच होय. २०११ पासून सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी दिलेल्या निर्णयांनी या पेचाला एक चौकट प्राप्त झाली. त्या चौकटीत डॉक्टर आहेत, नातेवाईक आहेत, जिल्ह्याचा वैद्यकीय अधिकारी आहे, न्यायदंडाधिकारीही आहे. जिच्या हातून रात्रंदिवस सेवा घडते आणि जिच्या हातून बहुधा ते उपचार अखेर थांबवले जातात, त्या परिचारिकेला मात्र तीत जागा नाही. ही उणीव किरकोळ नव्हे. ज्या खटल्यातून ही चौकट उभी राहू लागली तो खटलाच मुळी एका परिचारिकेचा होता, आणि त्याचा निकाल देताना न्यायालयाने परिचारिकांच्याच शब्दाला मान दिला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या उणिवेचे नवल अधिकच वाटू लागते.

तो खटला पुन्हा आठवणे आवश्यक आहे. परळचे राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, ज्याला सारी मुंबई केईएम या नावाने ओळखते, १९२६ साली सुरू झाले. गिरणगावातील कामगारांपासून दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या गरिबांपर्यंत लक्षावधी लोकांना त्याने आधार दिला. त्या रुग्णालयात अरुणा शानबाग ही कर्नाटकातील हळदीपूरची पंचवीस वर्षांची तरुणी परिचारिका म्हणून काम करीत होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, काम आटोपून ती घरी जाण्याच्या तयारीत असता, तेथीलच एका सफाई कामगाराने तिच्यावर पाशवी हल्ला केला. तिच्या गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळण्यात आली आणि मेंदूला होणारा रक्तपुरवठा तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. प्राण वाचले, पण दृष्टी, वाणी आणि हालचाल गेली ती कायमची. गुन्हेगाराला प्राणघातक हल्ला आणि चोरी यांबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. बलात्काराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नव्हता. मुंबईतील परिचारिकांनी या घटनेनंतर संप केला आणि सुरक्षिततेची मागणी केली. काम करणाऱ्या बाईला तिच्या कामाच्या जागी सुरक्षित वाटावे, ही मागणी त्यानंतर कितीदा करावी लागली आहे, हे वाचक जाणतातच.

त्या दिवसापासून १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचा अंत होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेएकेचाळीस वर्षे, अरुणा केईएममधील एका लहानशा खोलीत पडून होती. तिचे सगेसोयरे दुरावले. तिच्या सहकारी परिचारिका दुरावल्या नाहीत. ज्यांनी तिला चालताबोलताना पाहिले होते त्या निवृत्त झाल्या. ज्यांचा जन्मही १९७३ नंतरचा होता, त्यांनी ती सेवा पुढे चालवली. महापालिकेने मध्यंतरी ती खाट मोकळी करून तिला अन्यत्र हलवण्याचा विचार केला, तेव्हा याच परिचारिका आडव्या आल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर शय्याव्रण झाले नाही, असे रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनी न्यायालयाला कळवले होते.

या एका वाक्याचा अर्थ ज्यांनी घरी अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले आहे त्यांनाच पुरता उमगेल. हलू न शकणाऱ्या देहाचा भार कंबरेच्या हाडावर, माकडहाडावर आणि टाचेवर पडून तेथील रक्त थांबते. काही तासांतच कातडी लाल होते, मग फुटते, आणि जखम हाडापर्यंत पोहोचते. ते टाळावयाचे तर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, पाठ पुसून कोरडी ठेवावी लागते, ओली चादर क्षणभरही अंगाखाली राहू द्यावयाची नसते. दिवसाला बारा वेळा कूस बदलणे, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, अशी चाळीस वर्षे! या गणिताला भक्ती म्हणा, कर्तव्य म्हणा, मैत्री म्हणा; त्याला औषधाच्या चिठ्ठीत जागा नाही आणि डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीत ते दिसतही नाही.

२००९ साली लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणाच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. अरुणाला अन्न देणे थांबवावे आणि तिला शांतपणे मरू द्यावे, अशी त्यांची विनंती होती. न्यायालयाने तीन नामांकित डॉक्टरांना तिची तपासणी करावयास सांगितले. त्यांनी तिला तपासले, आणि तिची सेवा करणाऱ्यांशीही ते बोलले. आवडीचे खाणे मिळाले म्हणजे तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसते, खोलीत गर्दी झाली तर ती अस्वस्थ होते, भक्तिगीतांच्या सुरांनी ती शांत होते, या गोष्टी ज्यांना ठाऊक होत्या त्या परिचारिका होत्या. मेंदूच्या चित्रात त्या उमटत नव्हत्या. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. प्राण घेणारे औषध देणे हा गुन्हाच राहील; मात्र बरे होण्याची आशा नसलेल्या रोग्यावरील उपचार उच्च न्यायालयाच्या अनुमतीने थांबवता येतील, असे तत्त्व त्यांनी मान्य केले. परंतु अरुणाच्या बाबतीत असा निर्णय मागण्याचा अधिकार विराणी यांना नसून तिची अहोरात्र सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच आहे, आणि त्यांची इच्छा तिने जगावे अशी आहे, असे म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला. त्या दिवशी केईएममध्ये परिचारिकांनी पेढे वाटले.

विराणी यांच्या बाजूने जे बोलले जात होते, त्याकडे आम्ही पाठ फिरवू इच्छीत नाही. ज्या तरुणीला स्वतःचे मत सांगता येत नव्हते, तिला दुसऱ्यांच्या मायेखातर चार दशके एका खोलीत जगवणे हे तिच्यावर उपकार होते की अन्याय? तिच्या जिवंत राहण्यात तिचे समाधान किती आणि सेवा करणाऱ्यांचे समाधान किती? हे प्रश्न कठोर आहेत, पण प्रामाणिक आहेत. ज्याने रोग्यासाठी सर्वस्व वेचले, त्याला रोगी आपलाच वाटू लागतो. आणि आपल्या वस्तूविषयी निर्णय घेणारा माणूस निःपक्षपाती राहत नाही. सेवेतून हक्क उत्पन्न होतो, पण मालकी उत्पन्न होत नाही. म्हणूनच परिचारिकांच्या हाती अंतिम निर्णय सोपवावा असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे याहून मर्यादित आहे आणि म्हणूनच ते नाकारणे कठीण आहे. निर्णय कोणीही घेवो, तो घेण्यापूर्वी खाटेजवळ उभी असणाऱ्या बाईची साक्ष घेतली गेली पाहिजे.

पुढे काय झाले ते पाहू. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण येऊ देणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे जाहीर केले. मनुष्य शुद्धीवर असतानाच आपल्या अखेरच्या उपचारांविषयी इच्छा लिहून ठेवू शकतो, असेही त्या पीठाने मानले. परंतु त्यासाठी घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती की तिचा वापर जवळजवळ कोणालाच करता येईना. तेव्हा २४ जानेवारी २०२३ रोजी दुसऱ्या घटनापीठाने ती सोपी केली. अठरा वर्षांवरील शहाण्या माणसाने दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरीने किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावी, एवढे पुरेसे ठरवले. रोग्याची वेळ आली की रुग्णालयाने प्राथमिक मंडळ नेमावे. त्यात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ असावेत. त्यांच्या मतावर दुसरे मंडळ शिक्कामोर्तब करील. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ असतील. शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावे, आप्तांची संमती घ्यावी, न्यायदंडाधिकाऱ्याला कळवावे. ज्याने काही लिहून ठेवलेले नाही अशा रोग्याच्या बाबतीतही, आप्तांच्या संमतीने, साधारण याच मार्गाने जावे.

ही पद्धत विचारपूर्वक आखलेली आहे. घाईला तीत आळा आहे आणि लबाडीलाही. पण मोजून पाहा: दोन मंडळे, सहा डॉक्टर, आणि एकही परिचारिका नाही. २०११ च्या निकालात जी केंद्रस्थानी होती, ती २०१८ आणि २०२३ च्या पद्धतींतून अलगद बाहेर राहिली. कोणी तिला मुद्दाम वगळले असे आम्हांस वाटत नाही. ती कोणाला आठवलीच नाही, एवढेच. आणि हे अधिक खेदाचे आहे.

रुग्णालयात प्रत्यक्ष काय घडते, हे ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांना सांगावयास नको. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर बाकावर नातेवाईक बसलेले असतात. डॉक्टर दिवसातून एकदोनदा बाहेर येऊन 'परिस्थिती गंभीर आहे, आम्ही प्रयत्न करतो आहोत' असे सांगतात. आत परिचारिका असते. रोग्याच्या घशातील नळीतून चिकटा ओढून काढताना त्याचा चेहरा कसा वेडावाकडा होतो, ते ती पाहते. 'मला घरी न्या' असे त्याने यंत्र लावण्यापूर्वी कुजबुजलेले शब्द तिनेच ऐकलेले असतात. थोरला मुलगा बाहेर एक बोलतो आणि धाकटी सून रडत वेगळेच सांगते, हेही तिच्या कानावर येते. भेटीच्या वेळी नातेवाईक तिलाच कोपऱ्यात गाठून विचारतात, 'सिस्टर, खरे सांगा, काही आशा आहे का?' आणि येथे तिचा पेच सुरू होतो. खरे सांगावे तर डॉक्टरांच्या अधिकारावर अतिक्रमण. खोटे सांगावे तर त्या घराने आणखी दागिने मोडावयाचे. बहुधा ती 'डॉक्टरांना विचारा' एवढेच म्हणते आणि मान वळवते. ते उत्तर ज्याने दिले त्याला शांत झोप लागते, असे कोणी समजू नये.

याहून वाईट एक प्रकार आहे. रोग्याचे हृदय बंद पडले तर ते पुन्हा चालू करण्याची खटपट करू नये, असे सर्वांच्या मनात ठरलेले असते. पण ते लिहावयाचे कोणी, या भीतीने कागदावर काहीच नसते. मग ती वेळ आली की पंच्याऐंशी वर्षांच्या जर्जर देहाच्या बरगड्यांवर दाब देण्याचे नाटक करावे लागते. नातेवाइकांना 'शेवटपर्यंत प्रयत्न केले' असे सांगता यावे, एवढाच त्याचा उपयोग. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली अशा प्रसंगी काय करावे याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रोग्याशी आणि आप्तांशी आधीच बोलून निर्णय लेखी नोंदवावा, असे त्यांत आहे. तरीही तोंडी हुकमांची चाल सुटलेली नाही. तोंडी हुकूम देणारा आपल्या कामाला निघून जातो. हात चालवावे लागतात ते परिचारिकेला आणि शिकाऊ डॉक्टरला.

आणि जेथे पैसा संपतो तेथे नीतीचा प्रश्न कोणी विचारतच नाही. 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रोग्याला घरी नेत आहोत' अशा छापील कागदावर सही घेतली जाते. कागदावर सारे शुद्ध असते: डॉक्टरांनी सल्ला दिला, नातेवाइकांनी तो मानला नाही. खरी गोष्ट अशी की त्या घराची शेती किंवा घरातले सोने संपलेले असते आणि रोगी वाचणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. मग रुग्णवाहिकेत हाताने फुगा दाबीत त्याला गावी नेतात, ओटीवर ठेवतात आणि नळी काढतात. वेदना शमवणारे औषध नाही, श्वास कोंडला तर काय करावे हे सांगणारे कोणी नाही. जे मंडळांनी विचार करून, रोग्याला आराम देत, सन्मानाने व्हावे असे न्यायालय म्हणते, तेच गरिबाच्या बाबतीत अशा रीतीने उरकले जाते. श्रीमंताचे मरण लांबवणे आणि गरिबाचे मरण ढकलून देणे, या दोन्ही गोष्टी एकाच रुग्णालयात, एकाच आठवड्यात घडू शकतात. आणि दोन्हींची साक्षीदार एकच परिचारिका असते.

डॉक्टरांवर सारा दोष टाकून मोकळे होणे आम्हांस रास्त वाटत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणले. ते आवश्यकही होते. परंतु तेव्हापासून प्रत्येक उपचार पुढेमागे न्यायासनासमोर वाचला जाईल, या जाणिवेने डॉक्टर लिहितो. रोगी दगावला म्हणून जमावाने रुग्णालय फोडल्याच्या बातम्या इतक्या वारंवार येऊ लागल्या की, महाराष्ट्राला २०१० साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा स्थितीत 'आता थांबू या' असे म्हणण्याचे धाडस करण्यापेक्षा 'आणखी एक इंजेक्शन देऊन पाहू' असे म्हणणे केव्हाही सोपे. केंद्र सरकारने २०२४ साली उपचार थांबवण्याविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने आपल्यावरील ताण वाढेल अशी तक्रार केली ती याच भीतीपोटी. ही भीती आम्ही समजू शकतो. परंतु भीतीपोटी दिलेला उपचार हा उपचार राहत नाही. तो डॉक्टरने स्वतःच्या रक्षणासाठी रोग्याच्या देहावर चढवलेला बंदोबस्त होतो. आणि या भीतीवरचा उपाय एकट्याने निर्णय घेण्यात नसून, ज्यांनी पाहिले आणि ऐकले त्या सर्वांचे म्हणणे नोंदवून घेण्यातच आहे. परिचारिकेचे लेखी निवेदन डॉक्टरांच्या अधिकारावर आक्रमण करीत नाही. उद्या प्रश्न उठलाच तर ते प्रामाणिक डॉक्टरच्या बाजूची सर्वांत भक्कम साक्ष ठरेल.

याला एक आक्षेप घेतला जाईल. रोग असाध्य आहे की नाही हे वैद्यकीय ज्ञानाचे काम; त्यात परिचारिकेने काय सांगावयाचे? आमचे उत्तर असे की, मंडळापुढे दोन प्रश्न असतात. हा रोगी बरा होईल काय, हा पहिला. बरा होणार नसेल तर त्याचे उरलेले दिवस त्याला कसे वाटत आहेत आणि त्याची इच्छा काय होती, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तज्ज्ञांनीच द्यावे. दुसऱ्याचे उत्तर तासाभराच्या तपासणीत मिळत नाही. ते रात्री तीन वाजता खाटेजवळ जाग्या असणाऱ्या माणसाकडे असते. न्यायालयात पंचनाम्याला जसा घटनास्थळचा माणूस लागतो, तसाच हा आहे.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. त्यांपैकी पहिलीसाठी नवा कायदाही नको आणि घटनापीठही नको. राज्य सरकारने एका परिपत्रकाने सांगावे की, उपचार थांबवण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक मंडळाने त्या विभागाच्या प्रमुख परिचारिकेचे आणि रोग्याची प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या परिचारिकेचे म्हणणे ऐकून लेखी नोंदवावे. मंडळांत कोण असावे हे न्यायालयाने सांगितले आहे. मंडळांनी कोणाला ऐकू नये असे सांगितलेले नाही. कर्नाटक सरकारने २०२५ च्या जानेवारीत परिपत्रक काढून या निकालाच्या अंमलबजावणीला चालना दिली. समाजसुधारणेचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने शेजाऱ्याच्या एक पाऊल पुढे टाकण्यास हरकत नसावी.

दुसरी गोष्ट, तोंडी हुकमावर परिचारिकेने न यंत्र बंद करावे, न नाटक करावे. निर्णय लेखी असावा, तो अमलात येताना जबाबदार डॉक्टर खाटेजवळ हजर असावा, आणि ज्या परिचारिकेच्या सदसद्विवेकाला ते काम पेलत नसेल तिला, रोग्याची आबाळ न होता, बाजूला होण्याची मुभा असावी. त्याबद्दल तिच्या नोकरीवर शेरा येता कामा नये.

तिसरी गोष्ट सर्वांत खर्चाची, आणि म्हणूनच सर्वांत अधिक टाळली जाणारी. उपचार थांबवणे म्हणजे सेवा थांबवणे नव्हे. यंत्र काढल्यावर वेदना शमवणे, श्वासाचा त्रास कमी करणे, तोंड ओले ठेवणे, आप्तांना जवळ बसू देणे हे सारे करावेच लागते, आणि ते बहुतांशी परिचारिकेचेच शास्त्र आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन उभे राहिले. असाध्य कर्करोगाच्या रोग्यांना अखेरच्या काळात आसरा देणारी ती देशातील पहिली संस्था. मॉर्फिनसारखे वेदनाशामक औषध डॉक्टरांना सुलभतेने मिळावे म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्तीही झाली. तरी आपल्या जिल्हा रुग्णालयांतून आणि महापालिकांच्या रुग्णालयांतून मरणाऱ्या माणसासाठी वेगळी खोली आणि त्या कामाची शिकवण घेतलेली परिचारिका किती ठिकाणी आढळते? ही सोय नसेल तर सन्मानाने मरण्याचा हक्क हा निकालपत्रातला अलंकार ठरेल.

आता एक शब्द वाचकांसाठी. या पेचातील काही भाग डॉक्टर आणि परिचारिका यांनी निर्माण केलेला नाही. तो आपण, शिकल्यासवरलेल्या मध्यमवर्गाने, त्यांच्या खांद्यावर टाकलेला आहे. आपण विम्याची पाने जपून ठेवतो, मृत्युपत्रात घराची आणि ठेवींची वाटणी करून ठेवतो. पण शुद्ध हरपल्यावर आपले काय करावे, हे मुलांना सांगत नाही. घरात कोणी विषय काढलाच तर 'अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो' असे म्हणून तो मिटवला जातो. परिणाम असा की वेळ येते तेव्हा पुण्यातला मुलगा, न्यू जर्सीतली मुलगी आणि गावाकडचा पुतण्या तीन वेगवेगळी मते घेऊन अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहतात, आणि ज्याच्याविषयी वाद चालला आहे तो बोलू शकत नाही. गोव्यात २०२४ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातील एका न्यायमूर्तींनी स्वतःचा इच्छालेख जाहीरपणे नोंदवला. ज्या माणसाचा दिवस दुसऱ्यांच्या वादांचा निवाडा करण्यात जातो, त्याने आपल्याविषयीचा वाद आधीच मिटवून ठेवावा, यात फार मोठा बोध आहे. मुंबई महापालिकेनेही असे लेख जपून ठेवण्यासाठी अधिकारी नेमले आहेत. दोन साक्षीदार आणि नोटरी, एवढ्यावर होणाऱ्या या कामाला मुहूर्त पाहण्याची गरज नाही. ज्याला अखेरपर्यंत सर्व उपचार हवे असतील त्यानेही तसे लिहावे. प्रश्न काय लिहावे हा नाही, आपले ओझे दुसऱ्याच्या विवेकावर टाकू नये हा आहे.

मरणाविषयीचे निर्णय कितीही मंडळे नेमली तरी सोपे होणार नाहीत, आणि ते सोपे होऊही नयेत. जे सोपे होते ते निष्काळजीपणे केले जाते. परंतु कठीण निर्णय घेताना सर्वांत जवळच्या साक्षीदारालाच दाराबाहेर उभे करावयाचे, ही रीत न्यायाची नव्हे आणि शहाणपणाचीही नव्हे. २०११ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एका मूक स्त्रीविषयी निर्णय द्यावयाचा होता, तेव्हा तिच्या जिवाभावाचे कोण, हे त्याने शोधले आणि त्याची नजर केईएमच्या परिचारिकांवर स्थिरावली. त्यांचे मत बरोबर होते की चूक, यावर विचारी माणसांत मतभेद राहतील. पण त्यांना विचारले गेले, यावर मतभेद असू नये. अरुणा शानबागच्या बाबतीत जे अपवाद म्हणून घडले, ते राज्यातील प्रत्येक रुग्णालयात नियम म्हणून घडावे, अशी आमची सरकारला आग्रहाची सूचना आहे. परिचारिका दिनाला फुले देण्यापूर्वी आरोग्यमंत्र्यांनी त्या परिपत्रकावर सही करावी.